आमची वाटचाल: खनिजाच्या बार्जपासून फेरीबोटीपर्यंत

वास्कोत आम्ही ऑफिस थाटलं तेव्हा मांडवी आणि झुआरी नद्या खनिज वाहणाऱ्या बार्जनी, म्हणजे सपाट मालबोटींनी, गजबजलेल्या असायच्या. बार्ज भरलेली असताना, रिकामी परतताना किंवा अर्धवट उतरवलेली असताना पाण्यात कशी बसेल, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, किती बुडेल, मागे किती आणि कलली तर पुन्हा सरळ होईल का, या सगळ्याची ट्रिम-स्टॅबिलिटी पुस्तिका तयार करून मंजुरीला द्यायची, हे आमचं काम. आजही तेच आहे.

गणिताची सुरुवात बार्जवरच होते. रिकाम्या जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका किती उंचीवर आहे, हे निव्वळ आराखड्यावरून कळत नाही. त्यासाठी इन्क्लायनिंग टेस्ट घ्यावी लागते. वारा सुटायच्या आत, भल्या सकाळी, दोर सैल सोडून मोजलेली वजनं डेकवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवायची. आत ओळंबा टांगलेला असतो आणि तो डोलत राहू नये म्हणून त्याचं खालचं टोक तेलाच्या डब्यात बुडवलेलं असतं. पट्टीवर तो किती मिलिमीटर सरकला, त्यावर पुढची सगळी पानं उभी राहतात. त्या वेळी खलाशांनी ठरलेली जागा सोडायची नाही, यावर मी फार कडक असतो.

२०१२मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि बार्जची कामंही आटली. तेव्हा आम्ही कोकणातल्या फेरीबोटी आणि रो-रोकडे, म्हणजे गाड्या थेट आत चढवता येणाऱ्या बोटींकडे, वळलो. इथे प्रश्नच उलटा होता. खनिज होल्डच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या, तळाशी बसतं, त्यामुळे बार्ज ताठ असते, सहज कलत नाही. प्रवासी आणि गाड्या डेकवर असतात आणि माणसं जागची हलतात.

या किनाऱ्यावर ते वेगळं सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली आणि ६००हून अधिक माणसं गेली. लाट आदळली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. म्हणून प्रवासी बोटीत आम्ही सगळी माणसं एका कडेला उभी करूनच हिशेब मांडतो. आंतरराष्ट्रीय नियमात माणशी ७५ किलो आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य डेकपासून १ मीटर वर धरतात. या गर्दीने बोट १० अंशांहून जास्त कलता कामा नये. एका मालकांना छतावरही बाकं टाकायची होती. आकडे त्या मर्यादेपलीकडे गेले आणि आम्ही सही केली नाही. शेवटी छत हलकं ठेवून ते प्रवाशांना बंद केलं गेलं.

अर्धवट भरलेल्या टाक्यांकडे अजूनही दुर्लक्ष होतं. १,००० टन विस्थापनाच्या, म्हणजे मालासकट एवढ्या वजनाच्या, जहाजात १० मीटर लांब, ८ मीटर रुंद टाकीत समुद्राचं पाणी अर्धवट असेल, तर ते कलत्या बाजूला धावतं आणि स्थिरतेची उंची, म्हणजे जीएम (ती जितकी कमी, तितकं जहाज सहज कलतं), सुमारे ४४ सेंटिमीटरने घटल्यासारखी होते. टाकीत मधोमध, लांबीच्या दिशेने भिंत घातली, तर हीच घट ११ सेंटिमीटरवर येते. म्हणून निघताना टाक्या भरलेल्या आणि पोहोचताना १० टक्के इंधन, एवढ्या दोनच स्थितींवर आम्ही थांबत नाही. मधली, टाक्या अर्ध्यावर आलेली स्थितीही तपासतो, कारण कधीकधी तीच सगळ्यात वाईट निघते.

मंजुरीसाठी जाडजूड पुस्तिका लागतेच. पण आम्ही तिच्यासोबत सारंगासाठी, म्हणजे बोट चालवणाऱ्यासाठी, मराठीत एक पान देतो: कोणती टाकी आधी रिकामी करायची, कोणत्या दोन टाक्या एकाच वेळी अर्धवट ठेवायच्या नाहीत, अवजड ट्रक कुठे उभा करायचा, नाळेकडचा आणि मागचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेली खोली, किती दिसला तर निघायचं नाही. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. ते पान व्हीलहाउसमध्ये, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, लावा, एवढंच मालकांना सांगतो.