मुखपृष्ठावरचा राक्षस

चार सोंडांचा हिरवा राक्षस, एका सोंडेत किंचाळणारी बाई, मागं पेटलेलं शहर. रद्दीच्या गठ्ठ्यात इंजिनिअरिंगच्या गाइडांखाली असलं एखादं जुनं इंग्रजी विज्ञानकथेचं पुस्तक हमखास दबलेलं असतं. चित्रावर भाळून जरूर घ्यावं, पण आत तोच राक्षस भेटेल असं धरून चालू नये. चित्राचं काम गिऱ्हाईक थांबवायचं. गोष्टीशी त्याचं नातं कधीकधी लांबच्या मावसभावाइतकंच.

घेताना आधी नाकाला लावावं. व्हॅनिलासारखा मंद गोड वास आला तर हरकत नाही. लाकूड दळून केलेल्या स्वस्त लगद्याचा हा कागद. असल्या लिखाणाला ‘पल्प’ (म्हणजे लगदा) हे नाव त्यावरूनच पडलं. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य विघटन पावताना तो वास सुटतो. पान आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग थेट पापड. कुबट वास आला तर मात्र बुरशी. तिथंच ठेवून द्यावं.

वास बरा असला तरी आत कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, असू शकते. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं. काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. जुलैतल्या कोल्हापूरची दमट हवा गार कागदाला लागली की पाणी धरतं, आणि कसर जाऊन बुरशी येते.

वाचतानाही जपून. कण्याचा गोंद वाळून कडक झालेला असतो. पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडलं की कट्‌ असा आवाज येतो आणि पन्नासेक पानं हातात येतात. सेलोटेप लावू नये, तिचा चिकटा कागदात मुरून डाग पडतो. कण्यात पांढऱ्या गोंदाची एकच पातळ रेघ, दोन्ही बाजूंना बटर पेपर आणि रात्रभर वजन.

एवढा उपद्व्याप कशासाठी? राक्षस दिसायच्या आधीच्या पानांसाठी! इंग्रज लेखक एच. जी. वेल्सच्या १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत मंगळावरचं नळकांडं माळावर पडतं, झाकण आतून हळूहळू फिरायला लागतं, आणि तिथं बघ्यांसाठी हिरवी सफरचंदं नि जिंजर बिअरची गाडी येऊन लागते. रंकाळ्यावर यान पडलं तर भेळेची गाडी पोलिसांच्या आधी पोचेल, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५१च्या ‘द पपेट मास्टर्स’ या कादंबरीत गोगलगाईसारखे जीव माणसाच्या पाठीला चिकटून त्याचा ताबा घेतात; ते लपू नयेत म्हणून सरकार लोकांना उघड्या पाठीनं फिरायला लावतं. आपल्या तालमीत त्यांची पहिल्याच दिवशी डाळ शिजली नसती.

शेवट मात्र बहुतेकदा घाईचा. दीडशे पानं जग जाळणारा राक्षस दोन पानांत मरतो. १९५२ पासून अमेरिकेत ‘एस’ प्रकाशनाची ‘एस डबल’ ही मालिका निघाली, एका पुस्तकात पाठीला पाठ लावून दोन कादंबऱ्या. तिथं तर पानांच्या हिशेबात गोष्टींना कात्री लागायची. पण एक संपली की पुस्तक फक्त उलटं करायचं. पलीकडच्या मुखपृष्ठावर दुसरं शहर पेटलेलं असतं.