दोन बरण्या आणि दोन डझन बाटल्या : तासगावहून सांगलीला एक फेरी

मे लागला की माहेरच्या झाडाच्या कैऱ्या पोत्याने घरी येतात. लोणचं मुंबईच्या नणंदेला, पुण्याच्या भाच्याला, शेजारच्या दोन घरांना जातं, आणि पोरांना साखरांबा हवाच असतो. यंदा सासूबाईंच्या काळातली पाच किलोची बरणी बुडाशी पाझरायला लागली आणि जपून ठेवलेल्या बाटल्यांची निम्मी झाकणं गंजलेली निघाली. गावात अर्ध्या लिटरची काचेची बाटली सुटी चाळीस रुपयांना सांगितली. दोन डझन हव्या होत्या. मग जाऊबाईंना घेतलं आणि सरळ सांगली गाठली.

सकाळची एसटी धरा. कवठेएकंद, कवलापूर, माधवनगर करत तासाभरात सांगली येते, आणि बायकांना अर्धं तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च फार होत नाही. सोबत दोन जुन्या साड्या, एक रिकामं पोतं आणि घरच्या बाटलीचं एक जुनं झाकण घेतलं होतं. झाकण विसरू नका. बाटलीच्या तोंडाचा माप तोंडी सांगून कळत नाही, झाकण पुढे ठेवलं की दुकानदार लगेच त्यातलं काढून देतो.

स्टँडवरून चालत आधी मारुती रोड आणि हरभट रोडवरची भांड्यांची दुकानं पाहिली. तिथे बाटल्या देखण्या, पण भाव आमच्या गावासारखाच. एक-दोन नग हवे असतील तर तिथेच घ्या, पुढे पायपीट करण्यात अर्थ नाही. डझनाने हव्या असतील तर गणपती पेठेकडे वळा. ही होलसेल पेठ. मसाले, गूळ, हळद यांच्या दुकानांच्या आजूबाजूला पॅकिंगचं सामान विकणारे आहेत, मध आणि चटण्या भरून विकणारे त्यांच्याकडूनच बाटल्या नेतात. तिथे तीच अर्ध्या लिटरची बाटली झाकणासकट बावीस रुपयांना मिळाली, मात्र पूर्ण खोकं, म्हणजे चोवीस नग घ्यावे लागले. खोकं मोठं वाटलं तर दोघीतिघींत वाटून घ्या. आमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या एका बाईंनी दुसऱ्या खोक्यातल्या सहा मागितल्या, तेव्हा दुकानदाराने नाहीच म्हटलं.

पैसे देण्याआधी खोकं उघडायला लावा. प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवा, टवका उडालेला असेल तर नखाला लागतो. दोन-तीन बाटल्यांत पाणी भरून, झाकण लावून उलट्या धरा. आमच्या खोक्यात तीन झाकणं सैल निघाली, ती त्याने काही न बोलता बदलून दिली. पत्र्याचं झाकण आतून नीट पहा. आतला लेप सरकलेला किंवा ओरखडलेला असेल तर मीठ आणि आंबट त्या जागी पत्रा खातं. साखरांब्याला, मुरांब्याला पत्र्याचं झाकण चालतं. लोणच्यासाठी मी त्याच मापाची प्लास्टिकची बारा झाकणं वेगळी घेतली, चार रुपयाला एक. गंजलेल्या झाकणाखालून अख्खं लोणचं टाकायची पाळी गेल्या वर्षी आली होती, ते दुःख परत नको होतं.

आता बरण्या. चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पांढरी, तीच आम्हाला हवी होती. मागच्या गल्लीत एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर पाच-सहा नग होते. दुकानदार म्हणाला, ‘पुरातला माल हाय ताई, स्वस्तात घ्या की.’ 2019 आणि 2021 च्या महापुरात या बाजारात पाणी होतं, त्यामुळे गवतात बांधलेला जुना माल आजही अधूनमधून निघतो. चांगली झिलई असेल तर चिनी मातीला पुराने काही होत नाही, चिखल धुतला की निघतो. पण झिलई चांगली आहे की नाही, ते पाहावंच लागतं. जाऊबाईंनी बोटाने टिचकी मारली. चार नग खणखणीत वाजले, एक भद्द वाजला, तो बाजूला. मग शेजारून चिमूटभर हळद आणली, पाण्यात कालवून बरणीच्या आत बोटाने फिरवली आणि फडक्याने पुसली. एका बरणीत केसाएवढ्या चिरांत पिवळं जाळं राहिलं. वरून ती सर्वांत सुंदर दिसत होती. राहिलेल्या तिघींत पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि चहा घेऊन आलो. एकीच्या खाली कागद ओला होऊन शाई पसरली होती. दोन कोरड्या निघाल्या, त्या तीनशे रुपयाला एक या भावाने घेतल्या. आतून रंगवलेली, नक्षीची बरणी लोणच्याला घेऊ नका. रंगात काय आहे ते आपल्याला कळत नाही आणि आंबट ते बाहेर काढतं.

जुन्या बाटल्यांचंही सांगते. कॉफीच्या, मधाच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे दहा-दहा रुपयांना मिळाल्या, आठ आणल्या. मूळ लेबल अंगावर असेल तरच घ्या. आपला भाग द्राक्षाचा, फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या भंगारात सर्रास येतात आणि धुतल्यावर त्या ओळखू येत नाहीत. अॅसिड-फिनाईलच्याही तशाच. अशी बाटली कितीही उकळली तरी खाण्याला वापरू नये. फुकट दिली तरी नको.

प्लास्टिकच्या पारदर्शक बरण्या सर्वांत स्वस्त, पण गरम साखरांबा त्यांत ओतला की त्या आकसतात. पापड, सांडगे, मेतकूट यांच्यापुरत्या घ्या.

परतीला प्रत्येक बाटली साडीच्या पदरात गुंडाळून पोत्यात उभी ठेवली, बरण्या मांडीवर. एकही फुटली नाही.

घरी आल्यावर बाटल्या सोड्याने धुवा, मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून गार पाण्यात ठेवा आणि मग गॅस लावा. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं पुरे. गरम काच थेट ओट्याच्या दगडावर ठेवू नका, तडकते, लाकडी पाटावर पालथी घाला. मग दिवसभर कडक ऊन. आत एक थेंब पाणी राहिलं तर बुरशी येते. हिशोब करताना हेही ध्यानात ठेवा, साखरांबा पाण्यापेक्षा जड असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास बसतो, तेव्हा किलोवरून बाटल्या मोजाल तर जास्त घेऊन याल.

सगळे मिळून बाराशे छप्पन्न रुपये झाले, एसटीचं तिकीट वेगळं. बरण्यांत लोणचं भरलं, वर बोटभर तेल आणलं आणि दादरे बांधले, तेव्हा मृगाला चार दिवस होते.