तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुजींनी वर्गात आपलं सांगावं का?

"जातीवर, भेदभावावर शिकवताना शिक्षकानं स्वतःच्या आयुष्यातलं सांगावं का? सांगायचं तर कसं?" निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठंही शिक्षकांच्या बैठकीत चहाचे कप खाली ठेवले की हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादी गोष्ट तयारच असते, त्याला फक्त होकार हवा असतो. होकार आहेच, पण त्याला अटी बऱ्याच आहेत.

आधी बघायचं ते एवढंच, की गोष्टीत तुम्ही कुठं उभे आहात. शिक्षकाला सगळ्यात जास्त आवडते ती तारणाऱ्याची गोष्ट. कुणी त्या पोराला पुढच्या बाकावर बसवलं, कुणी गावकऱ्यांना न जुमानता सगळ्यांना एका पंगतीत जेवायला बसवलं. मुलं मन लावून ऐकतात आणि शिकतात काय, तर आपले सर भले माणूस आहेत. भेदभाव कसा चालतो ते त्यात कुठंच येत नाही, कारण भेदभाव करणारा त्या गोष्टीत नेहमी दुसराच कुणीतरी असतो. आम्ही म्हणतो, जिथं तुम्ही नुसते बघत होता, किंवा नकळत तुमच्याच हातून झालं, ती गोष्ट काढा. ती सांगायला जड जाते, पण कामाची तीच.

ती शोधायला लांब जावं लागत नाही. शिष्यवृत्तीचे दिवस आठवा. दारात उभं राहून हाक दिली जाते, "एससी-एसटीची पोरं उभी राहा की रे, आरडी नंबर लिहून घ्यायचाय." आरडी नंबर म्हणजे जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा नंबर. चाळीसातली दहा-अकरा उठतात. एक जण अर्धवट उठतो, खिडकीकडं बघतो, परत बसतो. त्याचा फॉर्म राहून जातो आणि पुढं शेरा पडतो, 'पालकांचे दुर्लक्ष'. हाक देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, घाई असते. पण त्या अर्ध्या मिनिटात अख्ख्या वर्गाला कळतं कोण कुणापैकी आहे. आपल्याकडं जात थेट विचारत नाहीत, "तुम्ही कुणापैकी?" असं विचारतात. शाळेत तेही विचारावं लागत नाही, हजेरीपटच उत्तर देतो. ही गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगणारा शिक्षक, मग तो कुठल्याही जातीचा असो, ऐकणाऱ्या शिक्षकांच्या हातात काहीतरी ठेवतो, कारण हे प्रत्येकानं केलेलं असतं.

सोसलेल्याची गोष्ट सांगण्याचा हक्क सोसणाऱ्याचा, आणि न सांगण्याचाही. "सर, तुमच्यातलं काहीतरी सांगा की" असं दलित सहकाऱ्याला भर बैठकीत म्हणू नका. वर्षभर कुणी विचारत नाही आणि 14 एप्रिलला फोटोला हार घालून झाला की माईक त्यांच्याच हातात. त्यांना वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं ते सांगतील. नाही सांगितलं तर बैठक अडत नाही.

आता तयारी, आधी शिक्षकांच्या बैठकीत सांगण्याची. गोष्ट आधी लिहून काढायची. फुलस्केपची दोन पानं म्हणजे साधारण 500 शब्द, सावकाश वाचलं तर पाच-सहा मिनिटं. लिहिताना एकच जागा, एकच दिवस धरा. लहानपणापासून आजपर्यंत सांगायला गेलं की भाषण होतं. मग त्यातली निष्कर्षाची वाक्यं खोडा: "तेव्हा मला समजलं की", "समाज असाच असतो", "आता काळ बदललाय". दुसऱ्यांची नावं काढा, आणि नाव काढून भागणार नसेल तर गावही बदला. तीनशे उंबऱ्यांच्या गावात 'सातवीतली एक मुलगी' म्हटलं तरी कोण ते लगेच कळतं. शेवटी घरच्या एकाला वाचून दाखवा. त्यांनी "हे कशाला सांगायचं?" म्हटलं तर कारण विचारा. बऱ्याचदा कारण खरं असतं: त्या गोष्टीत बहिणीचं लग्न असतं किंवा भावकीतला वाद असतो, आणि तो सगळा तुमच्या एकट्याचा नसतो.

बैठकीत आठ-दहाच माणसं असावीत. गोष्टीला सहा मिनिटं, मग एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, मग आठ मिनिटं प्रश्न. म्हणजे एका गोष्टीला पाव तास आणि तासाभरात चारच गोष्टी होतात. पाचवी घुसवली की शेवटच्याच्या वाट्याला घड्याळाकडं बघणारी माणसं येतात. ते एक मिनिट सगळ्यात अवघड. आपल्याकडं शांतता झाली की कुणीतरी "अगदी खरं आहे" म्हणून मोकळं होतं. प्रश्न फक्त काय झालं याबद्दल विचारायचे, उपदेश नको, आणि "माझंही असंच झालं" तर मुळीच नको, कारण त्यानं दुसऱ्याची गोष्ट आपल्या ताटात ओढली जाते. सांगताना रडू आलं तर थांबा, पाणी प्या, "एवढंच" म्हणून बसा.

आपल्या भागात भाषेचा हिशेब वेगळा करावा लागतो. एकाच आवारात मराठी, कन्नड आणि उर्दू शाळा असतात, तेव्हा गोष्ट ज्याच्या त्याच्या भाषेत होऊ द्या आणि अनुवादाला तेवढाच वेळ धरा. सहाची बारा मिनिटं होतात आणि चार गोष्टींना जवळजवळ दीड तास लागतो. अनुवाद करणारा दोन जागी हमखास घसरतो. एक म्हणजे तो कडवट शब्द गुळमुळीत करतो. 'महारवाडा' म्हणणाऱ्याला तोच शब्द म्हणायचा होता. कन्नडमध्ये त्याची नुसती 'केरी', म्हणजे वस्ती, झाली की गल्लीसुद्धा केरीच, मग गोष्टीतला काटाच निघून जातो. दुसरं म्हणजे तो सांगणाऱ्याच्या वतीनं समजावू लागतो. त्याला आधीच बजावून ठेवा, 'मी' म्हणूनच बोलायचं, 'ते म्हणतात की' नको.

आणि मग तो सीमाप्रश्न. गोष्ट जातीची चाललेली असते आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी 1956 ची राज्यपुनर्रचना काढतं. कानडी सक्ती, मराठीत न मिळणारी परिपत्रकं, 1 नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सव नि दुसऱ्यावर काळा दिन. हे दुखणं खरं आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचं कलम 350 क याच 1956 साली घटनेत आलं आणि ते कागदावर किती नि शाळेत किती, हे सीमाभागातला प्रत्येक मराठी शिक्षक जाणतो. पण बैठकीत त्याचा उपयोग पांघरुणासारखा होतो. 'आपल्यावर अन्याय' म्हणताना ते 'आपण' एकसंध होतं आणि त्या 'आपल्या'तच कुणाचा माठ वेगळा होता ते झाकलं जातं. कन्नड शिक्षकांच्या बाजूनंही हेच होतं. जातिभेद नाकारणाऱ्या बसवण्णांचं नाव घेतलं की जात बाराव्या शतकातच संपली असं समजून पुढं जायचं. म्हणून दोन बैठका वेगळ्या ठेवा, भाषेची एक आणि जातीची एक. एकाच दिवशी घ्यायच्या असतील तर जातीची आधी. उलट क्रमानं घेतली की दुसरी होतच नाही.

काय सांगायचं नि काय गाळायचं याची निवड कशी होते हे आपल्या सांगून जुन्या झालेल्या इतिहासातही दिसतं. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, हे पाचवीतलं पोरही सांगतं. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, हे सांगणारे फार थोडे.

मुलांसमोर बोलायचं तर आणखी जपून. गोष्ट धड्याला बांधा. दहावीच्या समाजविज्ञानात सामाजिक स्तरीकरणाचा धडा आहे, त्यात अस्पृश्यता आणि तिच्यावर बंदी घालणारं कलम 17 येतं, तिथं तीन मिनिटांची गोष्ट बसते. मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या विकास समितीला, आधी कल्पना द्या, नाहीतर संध्याकाळी एखादे पालक "शाळेत जात शिकवताय काय ओ?" म्हणत येतात. जातीवाचक शिवी गोष्टीत आली तरी पूर्ण उच्चारू नका. लोकांसमक्ष ती देणं 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसतो हे कबूल, पण मधल्या सुट्टीत तीच शिवी मैदानावर ऐकू येते आणि ती कुणाला उद्देशून, ते सांगायला नको.

गोष्ट संपल्यावर "तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय?" हे कधीच विचारू नका. चाळीस डोळे दोन पोरांकडं वळतात. त्याऐवजी वहीच्या मागच्या पानावर पाच ओळी लिहायला सांगा आणि ते पान गोळा करू नका. 1855 साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला, आजही अंगावर येतो. पण तो तिनं लिहिला, तिच्याकडून वदवून घेतलेला नव्हता.

देवदासींची मुलं असलेल्या वर्गात तर स्वतःच्या वडिलांच्या आठवणींनी सुरुवात करणंही टाळा. यल्लम्माची सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे, मुली देवीला सोडण्याला बंदी करणारा कायदा 1982 सालीच झाला, आणि तरी फॉर्मवरच्या 'वडिलांचे नाव' या रकान्यापाशी पेन थांबणारी मुलं अजून भेटतात.

वंशभेद म्हटलं की आपण अमेरिकेचे दाखले देतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर तालुक्यांत सिद्दी समाज आहे. त्यांचे आफ्रिकन पूर्वज गुलाम म्हणून या किनाऱ्यावर आणले गेले. कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यात त्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव-धारवाडला 2020 मध्ये. त्यांच्या पोरांच्या कुरळ्या केसांना गंमत म्हणून हात लावला जातो तेव्हा शिक्षक हसतात की थांबवतात? अमेरिका नंतर सांगा, आधी ही गोष्ट लिहा.

बैठक संपताना एक बदल ठरवायचा, एकच, तारखेसकट. शिष्यवृत्तीचंच घ्या. यादी एसएटीएस या मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून निघते, कुणाला उभं करायची गरज नाही. सगळ्या शिष्यवृत्त्यांची मिळून एकच चिठ्ठी सगळ्या मुलांच्या हाती घरी पाठवा. नाडकचेरी या महसूल कार्यालयातून जात-उत्पन्नाचा दाखला काढायला आठवडे जाऊ शकतात, म्हणून चिठ्ठी जूनमध्येच जाऊ दे. आरडी नंबर पालकांकडून फोनवर किंवा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ऑफिसात घ्या. पुढच्या बैठकीत पहिली पाच मिनिटं एवढंच विचारायचं: किती चिठ्ठ्या गेल्या, किती फॉर्म भरले, आणि तो अर्धवट उठून बसलेला, त्याचा आला काय.