शिमग्यानंतरची यादी: कुणाला पाणी, कुणाला नाही

शिमगा आटोपला की आमच्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाण्याची यादी लागते. कागदावर नसते, पण घरात सगळ्यांना पाठ आहे. आधी पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मग नवी कलमं आणि जायफळाची रोपं, मग माड, आणि उरलंच तर मोगरा-अबोली. हापूस, रातांबा, काजू, फणस यांची नावं यादीत नाहीत. भाजीचं होतं, ते मी काढून टाकलं. त्यावरून सासूबाई माझ्याशी दोन दिवस धड बोलल्या नाहीत, पण ते पुढे सांगते.

आम्ही आंजर्ल्याचे. वीस गुंठ्यांचं आगर, एक विहीर आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर. कोकणात पाण्याची टंचाई असते म्हटलं की घाटावरची माणसं चेष्टा करतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. खाली जांभा, म्हणजे नुसती चाळण. पाणी आत शिरतं, खालच्या शेडीच्या चिकट मातीला लागलं की झऱ्यांवाटे बाहेर पडतं आणि पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, थेट खाडीत. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, त्यात सगळा उतार. दिवाळीत पऱ्ह्याची धार बारीक होते आणि शिमग्याला त्यात गुरंसुद्धा उतरत नाहीत. मे महिन्यात जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांवर, धनगरवाड्यांवर टँकर जातात. दर वर्षी जातात, बातमीसुद्धा तीच असते.

यादी आधीपासून होती, पण ती कडक झाली 2023च्या जूनमध्ये. त्या वर्षी मोसमी पाऊस 11 जूनला रत्नागिरीपर्यंत आला म्हणून जाहीर झालं आणि तिथेच अडकला. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ होतं, ते गुजरातकडे गेलं, तरी पाऊस पुढे सरकेना. मृग कोरडा गेला. मुंबईला पाऊस पोचला तेव्हा 25 जून उजाडला होता. आमच्याकडे विहिरीचा तळ दिसत होता आणि आकाशात ढग नुसते फिरून जात होते. मेअखेर पुरेल एवढा हिशोब आम्ही ठेवत असू. आता तो जूनअखेरपर्यंतचा ठेवते.

हिशोब म्हणजे अगदी साधा. आमची विहीर चिऱ्यांनी बांधलेली, गोल, दहा फूट व्यासाची. म्हणजे एक फूट पाणी म्हणजे साधारण 2,200 लिटर. चिऱ्याचा एक थर नऊ इंचांचा, तेव्हा एक थर उघडा पडला की सोळाशे-साडेसोळाशे लिटर गेलं. सासूबाई कधी लिटरमध्ये बोलत नाहीत, त्या थर मोजतात. ‘पाडव्याला सात थर दिसले तर मे कठीण’ हे त्यांचं वाक्य. मी फक्त त्याचा गुणाकार केला. सकाळी मोटार लावायच्या आधी वाकून पाहायचं आणि रात्रीतून किती चढलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. रात्रीत जेवढं चढतं तेवढंच दिवसा काढायचं. हा एकच नियम मी सगळ्यांच्या डोक्यावर बसवला आहे.

यात समुद्राचीही भानगड आहे. किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी जड. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं, असा शास्त्राचा ठोकताळा आहे. उलटं वाचा म्हणजे कळेल. वरून एक फूट खेचलं की खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. लगेच येत नाही, पण येतं. म्हणून आमची मोटार सलग तासभर कधी चालत नाही. सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी, मध्ये विहिरीला दम खाऊ द्यायचा. पाणी मचूळ व्हायला लागलं की जिभेच्या आधी कुकरला कळतं. तुरीची डाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजेना झाली की मी मोटारीची वेळ निम्मी करते. त्यानंतर पोफळीच्या पातीची टोकं करपायला लागतात, पण तोवर थांबायचं नसतं.

पोफळी पहिल्या का, हे आमच्या पाहुण्यांना नेहमी विचारावंसं वाटतं, कारण त्यांना माडच दिसतात. माड सोसतो. बोंडं गाळेल, पोय म्हणजे फुलोरा लहान काढेल, पण उभा राहील. पोफळीची मुळं वरवर असतात. एका उन्हाळ्यात शेंडा वाळला की झाड संपलं, आणि नवीन लावलं तर सुपारी दिसायला पाच-सहा वर्षं. त्यातून 3 जून 2020चं निसर्ग वादळ. त्या एका दिवसात आमच्या पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. आमचेही माड आणि दोन मोठे फणस गेले. लोकांनी पडलेली झाडं मोजली, पण सावली गेली ती कुणाच्या पंचनाम्यात आली नाही. जिथे पूर्वी दुपारी बाराला सुद्धा ओल असायची, तिथे ऊन थेट जमिनीवर पडायला लागलं आणि तेवढ्याच झाडांना जास्त पाणी लागायला लागलं. ज्या पोफळी वाचल्या त्यांच्या खोडाला पश्चिमेकडून, दुपारच्या उन्हाने, भेगा पडायला लागल्या. मग आम्ही खोडांना त्या बाजूने झावळ्या आणि विऱ्या (पोफळीच्या पानांचे गळून पडलेले रुंद देठ) बांधल्या. पाणी न घालता पोफळ वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

सावलीसाठी मध्ये केळी लावल्या. केळ पाणी पिते, हे खरं. म्हणून त्यांना विहिरीचं पाणी नाही, मोरीचं.

हा मोरीचा भाग जरा विस्ताराने सांगते, कारण आमच्याकडे मे महिन्यात पाणी सर्वांत कमी आणि माणसं सर्वांत जास्त असतात. चाकरमानी येतात, नणंदा मुलाबाळांसकट येतात आणि दोन्ही खोल्या भरलेल्या. म्हणून खोल्यांमधले शॉवर मी काढून टाकले. बादली-तांब्या. बादलीत माणूस वीस लिटरमध्ये नाहतो, शॉवरखाली गाणं म्हणायला लागला की शंभरही जातात. एका पाहुण्याने याबद्दल रेटिंगचे तारे कमी दिले, देऊ देत. न्हाणीघराचं पाणी आधी एका खड्ड्यात पडतं, त्यात खाली जांभ्याचे तुकडे आणि वर जाडी रेती. तिथून ते कर्दळीच्या वाफ्यातून केळींकडे आणि अळूकडे जातं. खड्ड्यात पाणी साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी वास मारतं आणि डास होतात. कपड्यांच्या साबणाचं पहिलं पाणी मी बागेत सोडत नाही. त्यातल्या सोड्याने माती घट्ट होते. शेवटच्या खळबळण्याचं तेवढं सोडते. आणि मोरीच्या पाण्यावर कोथिंबीर, मुळा असलं कच्चं खायचं काही लावत नाही.

तांदळाचं धुवण मोगऱ्याला. मासे धुतलेलं पहिलं पाणी मिरचीला आणि कढीपत्त्याला, पण मीठ लावायच्या आधीचं. ते ओतलं की वर माती ओढायची, नाहीतर मांजरं मिरची उकरतात. ही रीत माझी नाही, या किनाऱ्यावर घरोघरी आहे. माझी भर फक्त एसीच्या पाण्याची. पाहुण्यांच्या खोलीत रात्रभर एसी चालला की आमच्या दमट हवेत बाहेरच्या नळीतून सकाळपर्यंत बादलीत चांगलं पाणी जमतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. अबोलीच्या कुंड्या त्यावरच आहेत. पिण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र उलट, त्यात क्षार वाढलेले असतात. ते आम्ही पडवी पुसायला आणि संडासात वापरतो, झाडाला नाही.

माडांना पाणी कमी दिलं तरी चालतं म्हणून दिलंच नाही असं नसतं. माडाचं दुखणं उशिरा कळतं. पोयीचा कोंब झाडाच्या पोटात ती बाहेर दिसायच्या सुमारे 32 महिने आधी धरलेला असतो. म्हणजे 2023चा कोरडा जून आम्ही पुढे दोन-तीन वर्षं मोजत होतो. म्हणून माडाखाली सोडणं, म्हणजे नारळाच्या वरच्या साली, पुरायची. बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर गोल चर खणायचा, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात, बुंध्याशी नाही. त्यात सोडणं पोटाची बाजू वर करून रचायची आणि माती ओढायची. पावसात ती पाणी पिऊन बसतात आणि मार्चपर्यंत सोडत राहतात. पाच-सहा वर्षं टिकतात. आमचे हे सोडणं बंबात जाळायचे. आता बंबाला झावळ्यांचे पिढे, म्हणजे जाड देठ. नारळ सोलल्यावर सोडणं फुकट नेणारे लोक गावात बरेच होते, ते माझ्यावर नाराज आहेत.

बाकी जमीन पातेऱ्याने, म्हणजे वाळक्या पानांनी, झाकायची. आंबा-फणसाचा पातेरा जाळणं हे आमच्याकडे मार्चमधलं ठरलेलं काम होतं, संध्याकाळी सगळी वाडी धुरात. मी आधी आगरातलं जाळणं बंद केलं, मग पाखाडीवरचा पातेराही गोणीत भरून आणायला लागले. वीतभर जाड थर हवा. खोडाला टेकवायचा नाही, वाळवी चढते. आणि पायवाटेच्या आसपास तर अजिबात नको, आमच्या भागात फुरसं हा विषारी साप आहे आणि ते पातेऱ्यात दिसतच नाही. हात घालायच्या आधी काठी मारायची. माहितीच्या व्हिडिओत पातेऱ्याचं कौतुक असतं, फुरश्याचं कुणी सांगत नाही.

ठिबकही केलं होतं. खारींनी नळ्या कुरतडल्या, उरलेल्या क्षारांनी बुजल्या. पोफळींच्या रांगेत तेवढं ठेवलं आहे, पंधरवड्याने नळ्यांची टोकं उघडून धुवायची. कलमांना मडकी. कुंभाराकडची कच्च्या रंगाची, न झिलई केलेली, गळ्यापर्यंत पुरलेली. पाणी झिरपतं तेवढंच मूळ पितं. तोंडावर करवंटी ठेवायची, नाहीतर डेंग्यूला आमंत्रण. विहिरीपासूनचा पाट मात्र पूर्ण बंद केला. आमच्या रेताड जमिनीत पाटाने सोडलेलं पाणी निम्मं वाटेतच मुरायचं. सासूबाईंना पाट बंद झाल्याचं वाईट वाटलं, त्यावर त्यांचं बालपण आहे, पायरहाट चालवलेल्या त्या. पण पाइपला त्यांनी विरोध केला नाही.

भाजीला केला. उन्हाळ्यात वाफ्यातला माठ, चवळी, भेंडी, वांगी यांना रोज दोन वेळ पाणी, आणि खारा वारा सुटला की दुपारीही माना टाकतात. मी म्हटलं, वाल-कुळीथ-चवळी भात कापल्यावर ओलीवर करायची, ती आपली खरी भाजी. एप्रिल-मेची भाजी घाटावरून येते, ती घेऊ. त्या म्हणाल्या, ‘अगो बाय, आगर असून भाजी विकत घ्यायची, तर आगर कशाला?’ याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पाण्याचा हिशोब माझ्या बाजूने आहे, एवढंच. शेवटी त्यांनी विहिरीच्या डोणीखाली, जिथे हात-पाय धुतल्याचं पाणी पडतं, तिथे एक हातभर वाफा माठाचा धरला. मी तो हिशोबात धरत नाही.

शेजारच्या गावात एका रिसॉर्टने मे महिन्यात हिरवळ राखली आहे. फवारे भर दुपारी चालतात, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात निम्मं पाणी हवेतच जातं. पाहुणे मला तिचे फोटो दाखवून विचारतात, तुम्ही का नाही करत? त्यांना मी विहिरीत वाकून बघायला सांगते.

यंदा एक काम पावसात करायचं आहे आणि एक पावसानंतर. आमच्या कौलांचं छप्पर साधारण हजार चौरस फुटांचं. एका रात्रीत साठ मिलिमीटर पडला, आणि आमच्याकडे तो सहज पडतो, तर साडेपाच हजार लिटर होतात. पन्हळी लावून ते विहिरीजवळच्या रेतीच्या खड्ड्यात सोडायचं. पहिल्या दोन-तीन पावसांचं बाहेर काढायचं, कौलांवरची घाण असते. याने मे महिना सुटेल असं मला वाटत नाही. जांभ्यात जिरवलेलं पाणी तिथेच बसत नाही, डिसेंबरपर्यंत बरंचसं निघून जातं. तो निघण्याचा रस्ता अडवला तरच काही फरक पडेल. म्हणून नोव्हेंबरमध्ये, पऱ्ह्याची धार बारीक झाली की, वरच्या वाडीबरोबर गोणींचा बंधारा घालायचं ठरलं आहे. तीन-चार वाड्यांच्या विहिरी त्या पऱ्ह्याच्या कडेला आहेत. रिकाम्या सिमेंटच्या गोणी आत्तापासून जमवते आहे. गावात कुणाचं बांधकाम चालू असेल तर सांगा, गोणी फाडून उघडू नका, शिवण उसवा. पडवीत ठेवायला जागा आहे.