बाईंनी शिकवलेला रूपक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि संगीताच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. सहली, स्नेहसंमेलनं, दहावीचे निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे ते बाईंवर, आणि त्यांच्यामुळे झालेल्या एका गाण्यावर.

मी तोतरा बोलायचो हे आमच्या बॅचला सांगायला नको. हजेरीला 'हजर' म्हणतानाही 'ह'वर अडायचो. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी काही मुलं मला गाठायची. मारायची नाहीत. कडं करून, टाळ्या वाजवत 'बोल ना, बोल ना' म्हणायची, अगदी लाडीगोडीनं. मी तोंड उघडलं की सगळी गप्प होऊन, माना पुढे काढून वाट बघायची. घरी मी हे कधी सांगितलं नाही. सांगायचं तर पुन्हा बोलावंच लागणार होतं.

एकदा हा प्रकार बाईंच्या खोलीच्या खिडकीखालीच चालला होता. बाई बाहेर आल्या तशी मुलं पांगली. बाईंनी मला काही विचारलं नाही. आत नेलं, पायपेटीशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "माझ्याबरोबर सा लाव." मी लावला. "आता याच सुरात तुझं नाव सांग." मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात गायलो. कुठे अडलो नाही. बोलताना अडखळणारी माणसं गाताना सहसा अडखळत नाहीत, हे पुष्कळ वर्षांनी मला वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. बाईंना ते कसं ठाऊक होतं, देव जाणे. त्यानंतर माझी मधली सुट्टी बाईंच्या खोलीत जाऊ लागली. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा त्यांनीच करून घेतल्या. फीचे पैसेही बऱ्याचदा त्यांनीच भरले, हे आज इथे लिहून ठेवतो.

बँकेतली नोकरी सांभाळून मी नाटकांना संगीत देतो. अलीकडे एका बालनाट्याचं काम आलं. वर्गातल्या मुलाला चिडवतात, असा प्रसंग. दिग्दर्शकाला त्या मुलाच्या तोंडी करुण गाणं हवं होतं. मी म्हटलं, गाणं चिडवणाऱ्यांनी म्हणायचं. शब्द मीच लिहिले:

बोल ना राजा, बोल ना,
जिभेची गाठ सोड ना;
आम्ही आहोत ना भोवती,
घाई कुणाला? थांब ना.

ताल रूपक. "ती ती ना, धी ना, धी ना. इथे सम 'खाली'वर येते, विसरू नकोस," हे बाईंचं वाक्य अजून कानात आहे. इतर तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी पडते, रूपकात तिथे 'खाली' असते, हात नुसता उलटा होतो. त्या पहिल्या तीन मात्रांवर 'बोल ना' बसवलं आणि अंगावर काटा आला. डग्गा तिथे घुमत नाही. शब्द एकदम उघडे पडतात, टाकीपाशी पडायचे तसेच.

राग घेतला मारवा. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात लावली. मारव्यात षड्जावर, म्हणजे सा वर, फार टेकत नाहीत, त्यामुळे जीव टांगणीला लागतो. शेवटही मी षड्जावर आणला नाही, कोमल रिषभावरच गाणं सोडून दिलं. तालमीत मुलं आधी दात-ओठ खाऊन ओरडत होती. त्यांना म्हटलं, "राग नको. आईकडे खाऊ मागता ना, तसं म्हणा." तसं म्हटल्यावर ते खरं झालं.

प्रयोगानंतर एक पालक भेटले. म्हणाले, मुलांच्या नाटकात इतकं भीतिदायक गाणं कशाला? मला हे पटत नाही. ही भीती मुलांना आपल्याहून जास्त ठाऊक असते. ती कुणीतरी मोठ्यानं म्हणून दाखवावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. बाई असत्या तर त्यांनी माझीच बाजू घेतली असती. त्यांना हे गाणं ऐकवता आलं नाही, याची हळहळ मोठी आहे.

आता संगीताचा तास वेळापत्रकात उरलेला नाही असं कळलं आणि फार वाईट वाटलं. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना घडवलं ते या मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते इथेच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं एकमेकांना मेसेज पाठवले. त्याच गावातल्या शाळेत मुलांना सा लावायला कुणी नसावं?

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. बाईंचा तानपुरा कपाटावर पडून आहे असं ऐकतो. तो माझ्याकडे द्या. सतारमेकर गल्लीत नेऊन जवारी लावून, तारा बदलून आणतो, खर्च माझा. आणि तास सुरू होईपर्यंत दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी येऊन बसेन. ज्या मुलाला बोलायला त्रास होतो, त्याला आधी पाठवा.