रक्तातलं शिसं तपासताना

निपाणीत आमच्या काकांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान घराला लागूनच आहे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, प्लेटा काढायच्या, अंगणात शिसं वितळवून ओतायचं, हेच काम ते तरुणपणापासून करत आले. पोटात कळा, शौचाला साफ नाही, मनगटात जोर नाही, हिमोग्लोबिन खाली. लोहाच्या गोळ्या, पित्ताची औषधं, सगळं झालं. शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "धंदा काय करता?" तोवर कुणी हे विचारलंच नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

तपासणीचं नाव ब्लड लेड. आम्ही आधी गेलो त्या लॅबमध्ये नेहमीसारखं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर पेशी वगळून उरणारं पाणी, काढून पाठवणार होते. पण रक्तातलं सुमारे ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं, सीरममध्ये काय सापडणार? डॉक्टरांना फोन लावून दिला, मराठी-कानडी मिसळून समजावलं, तेव्हा कुठं ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत अख्खं रक्त घेतलं. बोटाला टोचूनही भागत नाही. कातडीवरची शिशाची धूळ थेंबात उतरते आणि आकडा फुगतो. म्हणून काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले आणि रक्त शिरेतून घेतलं. नमुना मुंबईला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय, एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं की ते कुठून येतंय ते शोधून बंद करा. काकांचा आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. तरी ते म्हणाले, "इतकी वर्षं ओततोय की, मला काय झालंय?"

"तुमचं राहू दे काका, नातीचं काय?"

नात त्याच अंगणात रांगते, कामावरून आले की त्यांच्या मांडीवर चढते. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषतं, आणि ते वाढत्या मेंदूवर जातं. तिचंही रक्त दिलं. रिपोर्ट ५ च्या वर आला, तेव्हा मात्र काकांनी त्याच दिवशी भट्टी मोडली.

धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. आणि भट्टी चालू ठेवून ते घेण्यात काही अर्थ नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू परत रक्तात येतं. त्यामुळं तपासण्या करत राहाव्या लागतात. आता कामाचे कपडे दुकानातच राहतात. घरात कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. अंगणातली वरची माती काढून पोत्यांत भरली. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून काकू दोघांना नाचणीची आंबील देते.

पुढची तपासणी गणपतीनंतर आहे. शेजारच्या गॅरेजात बॅटऱ्यांचं काम करणाऱ्या पोरांनाही तेव्हा घेऊन जाणार आहोत. त्यांच्या मालकाशी बोलणं झालंय, पैसे काका भरणार आहेत.