इमोबिलायझर लॉग: दोन सेकंद चालते आणि बंद पडते

मागच्या वेळी लिहिलं होतं की गाडी सकाळी एकदा रुसली आणि मग दिवसभर नीट चालली, तेव्हा माझा संशय पेट्रोलच्या पंपावर होता. तो आता बाद. या आठवड्यात लक्षण एकदम स्पष्ट झालं. स्टार्टर मारला की इंजिन लगेच उचलतं, दीड-दोन सेकंद छान चालतं आणि कोणीतरी स्विच दाबल्यासारखं गप्प, आणि मीटरमधला चावीचा दिवा भराभर लुकलुकायला लागतो. पंप कमजोर असता तर इंजिन अडखळत, धापा टाकत बंद पडलं असतं. इथे इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच पेट्रोलचं इंजेक्शन तोडतोय, म्हणजे संशय इमोबिलायझरवर, चावी ओळखली नाही तर गाडी चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेवर. (सगळ्या गाड्या असंच करत नाहीत हं, काहींमध्ये स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडतच नाही आणि काहींमध्ये स्टार्टरच फिरत नाही.)

शनिवार

आधी सोप्या गोष्टी. चावीचा जुडगा सोडवला, कारण लोखंडी कडी किंवा दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी शेजारी लटकत असेल तर सिग्नल बिघडतो. फरक शून्य. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना १०.४, म्हणजे ठीक. रिमोटचा सेल बदलायच्या भानगडीत पडलो नाही, तो सेल दरवाजाच्या लॉकसाठी असतो, इमोबिलायझरच्या चिपला सेल लागतच नाही. हे पुन्हा पुन्हा लिहितो कारण बरेच जण सेल बदलून बघतात आणि मग गोंधळतात.

मग स्पेअर चावी. दोन्ही चाव्यांनी दहा-दहा वेळा स्टार्ट मारला, पहिलीने चार वेळा दगा दिला, दुसरीने पाच वेळा. दोन चिपा एकाच आठवड्यात खराब होणं जवळपास अशक्य, म्हणून चाव्या बाजूला ठेवल्या. स्कॅनर लावला, कोड पी०५१३, म्हणजे चावी चुकीची आहे असं गाडीला वाटतंय. लाइव्ह डेटामध्ये प्रोग्राम केलेल्या चाव्या २, चावी ओळखली: नाही. मॉड्यूल (चावी ओळखणारा इमोबिलायझरचा डबा) आणि इसीयूमध्ये संपर्क तुटल्याचा एकही कोड नाही.

इथे थोडं थांबून, नव्याने शिकणाऱ्यांसाठी. इग्निशनच्या कुलपाभोवती एक रिंग असते, तिच्यात तांब्याची कॉइल. इग्निशन ऑन केलं की मॉड्यूल या कॉइलमधून साधारण १२५ किलोहर्ट्झचं फील्ड सोडतं, चावीच्या डोक्यातली चिप त्याच फील्डवर जागी होते आणि आपली ओळख सांगते, जरा नंतरच्या सिस्टिममध्ये मॉड्यूल एक आकडा पाठवतं आणि चिप गुप्त कोड वापरून त्याचं उत्तर देते. उत्तर जुळलं तर मॉड्यूल इसीयूला परवानगी देतं. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या कारला हे सक्तीचं झालं, म्हणजे त्या पिढीच्या वायरी आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, आणि माझं तर मत आहे की अशा जुन्या गाडीत मॉड्यूलवर आळ घ्यायच्या आधी वायर बघावी.

एका वर्कशॉपमध्ये मात्र मला सरळ मॉड्यूल आणि इसीयू दोन्ही बदलायला सांगितलं होतं, तपासणी न करता. बरं झालं थांबलो.

बुधवार रात्र

खरा धागा धाकट्या भावाने दिला. तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे ही कधीच बंद पडत नाही." मी आधी सोडून दिलं, मग लक्षात आलं की तो स्टेअरिंग एकदम खाली करून बसतो आणि मी वर ठेवतो. स्टेअरिंग खाली केलं, सहा वेळा स्टार्ट, सहाही वेळा चालू. वर केलं, दुसऱ्याच वेळी बंद. हात थरथरायला लागले अक्षरशः.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, एअरबॅगमुळे दहा मिनिटं थांबलो (एअरबॅगचे पिवळे कनेक्टर दिसले तर तिथे मल्टिमीटर लावायचा नाही), स्टेअरिंगच्या दांड्याचं, म्हणजे कॉलमचं, कव्हर उघडलं. माझ्या गाडीत रिंगमध्ये फक्त कॉइल आहे, म्हणून ओहम मोजता येतात, ज्यांच्या रिंगमध्येच सर्किट आहे त्यांनी हा प्रकार करू नका, आकडा काहीच सांगणार नाही. थेट रिंगवर १४ ओहम. मॉड्यूलच्या टोकाला, स्टेअरिंग खाली असताना १४.३. स्टेअरिंगची उंची बदलायचा लिव्हर सोडून ते हळूहळू वर नेत गेलो, १५, २२, मग आकडा नाचायला लागला आणि शेवटी ओपन, म्हणजे जोडणीच तुटलेली.

वायर बाहेरून अगदी धड दिसत होती. बोटांनी चाचपत गेलो तेव्हा वळणावर, जिथे ती क्लिपमधून बाहेर येते, एका जागी वायर कण्याशिवाय असल्यासारखी मऊ लागली. इन्सुलेशन चिरलं तर आत तांब्याचे तंतू तुटलेले, दोन उरलेले, आणि त्यांच्यावर हिरवट पूड.

रविवार

नुसतं त्या जागी सोल्डर मारलं नाही, वळणावर सोल्डर कडक होतो आणि शेजारीच पुन्हा तुटतं. दोन्ही वायरींचा आठ सेंटीमीटर तुकडा काढला, बारीक तंतूंची लवचिक वायर घातली, जोड वळणापासून लांब आणि एकमेकांच्या मागेपुढे, वर हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी), आणि मूळ वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या होत्या तसाच पीळ ठेवला. स्टेअरिंग पूर्ण वर असतानाही वायर ताणणार नाही इतका ढील सोडला.

कोड पुसला. स्टेअरिंग पूर्ण वर, प्रत्येक चावीने वीस स्टार्ट. चाळीसपैकी चाळीस. स्कॅनरवर चावी ओळखली: होय. मॉड्यूल जुनंच, चाव्या पुन्हा प्रोग्राम कराव्या लागल्या नाहीत.

त्याच क्लिपमधून वायपरच्या आणि लाइटच्या स्विचच्या वायरीही जातात, त्याच वळणावर, तेवढ्याच जुन्या. कव्हर अजून बसवलेलं नाही, पुढच्या शनिवारी त्या एकेक करून चाचपणार आहे.